रे काउंटीच्या जुन्या कोर्टात मी ज्युरीवर बसले तेव्हा

नवऱ्याची नोकरी वॉट्स बार अणुवीज केंद्रात, म्हणून आम्ही अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या रे काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) राहायला आलो. नागरिकत्व मिळालं आणि पुढे काही वर्षांनी टपालातून ज्युरीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळावर बसायचं, समन्स आलं. आईला फोनवर सांगितलं तर ती धास्तावलीच. "समन्स? काय केलंस गं?" ज्युरी म्हटलं की तिला 1959चा नानावटी खटला आठवतो. ज्युरीने 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष ठरवलं, हायकोर्टाने तो निकाल फिरवला. आपल्याकडे आता ज्युरीच नाही.

समन्ससोबतचा अर्ज भरून परत पाठवला. ठरल्या सकाळी काउंटीच्या मुख्य गावी, डेटनला, कोर्टात हजर. लाल विटांची, कोपऱ्यात उंच मनोरा असलेली ही इमारत 1891ची. वरच्या मजल्यावर प्रशस्त कोर्टरूम. मग निवड सुरू झाली. आरोपीला ओळखता का, घरात कुणी पोलिसात आहे का, असले प्रश्न. वकील काही जणांना कारण न देताही वगळू शकतात. मला कुणी वगळलं नाही.

खटला मारामारीचा होता, तपशील सांगत नाही. मला वाटलं होतं, ज्युरी म्हणजे सगळं ऐकणारे लोक. कसलं काय! कायद्याचा मुद्दा निघाला की न्यायाधीश आम्हाला बाहेर पाठवणार, वाद मिटला की परत बोलावणार. वैताग यायचा.

याच खोलीत जुलै 1925 मध्ये जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. शाळेत उत्क्रांती शिकवली, हा गुन्हा. नव्या कायद्याची परीक्षा होईल आणि गावाचं नावही गाजेल, म्हणून गावातल्याच काही मंडळींनी तो ठरवून घडवून आणला होता. शिकागोच्या रेडिओवरून तो थेट ऐकवला जात होता. पण ज्युरीचे बारा जण मात्र बहुतेक वेळ बाहेर! गर्दीच्या भाराने मजला खचेल या भीतीने 20 जुलैला कामकाज हिरवळीवर हलवलं आणि तिथे स्कोप्सचा वकील क्लॅरेन्स डॅरोने सरकारी बाजूचा वकील विल्यम जेनिंग्ज ब्रायनलाच साक्षीदार करून बायबलवरून प्रश्न विचारले. खटल्यातला सगळ्यात गाजलेला हा प्रसंग, आणि तेव्हाही ज्युरी हजर नव्हती. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ती साक्षच नोंदीतून काढून टाकली. डॅरोनेच दोषी ठरवा म्हटल्यावर ज्युरीने 9 मिनिटांत निकाल दिला. न्यायाधीश रॉल्स्टन यांनी 100 डॉलर दंड ठोठावला.

तिथेच घोळ झाला. टेनेसीच्या राज्यघटनेप्रमाणे 50 डॉलरच्या वरचा दंड ज्युरीनेच ठरवायचा असतो. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1927 मध्ये या एका कारणावरून शिक्षा रद्द केली. उत्क्रांती शिकवण्यावर बंदीचा कायदा मात्र 1967 पर्यंत टिकला. तळघरातल्या संग्रहालयात हे सगळं मांडलेलं आहे, डेटनला गेलात तर बघाच.

आमच्या निकालाला 9 मिनिटं कुठली पुरायला! बाराही जणांचं एकमत लागतं आणि दोघं शेवटपर्यंत अडून होते. ते राजी झाले, आरोपी दोषी ठरला, तेवढ्यात दंडाचा कागद पुढे आला. तो नियम अजून आहे, आकडा आम्हीच लिहायचा. त्यावर निकालापेक्षा जास्त भांडण झालं. माझ्या शेजारचे आजोबा म्हणाले, त्याला झेपेल एवढाच लिहू या. तेवढाच लिहिला.