मक्याच्या शेतातून पळणारा माणूस

रविवार, रात्री उशिरा

मेल गिब्सनचा ‘अपोकॅलिप्टो’ (२००६) पुन्हा पाहिला आणि त्यावर लगेच हायरो बुस्तामान्तेचा ‘इश्कानुल’ (२०१५). दोन्हींत मध्य अमेरिकेतले माया लोक, दोन्हींत संवाद त्यांच्याच भाषांत. पहिल्यात युकातेक, दुसऱ्यात काक्चिकेल. साम्य तिथेच संपतं.

गिब्सनने पळापळ काय जबरदस्त चित्रित केली आहे! मी आजही हललो नाही जागचा. पण या वेळी नजर गावावर होती. नायकाच्या गावात शेत कुठे आहे? ही माणसं शिकार करतात, हसतात, गोष्टी सांगतात. पेरत मात्र काही नाहीत. माया लोक हजारो वर्षांचे मका पिकवणारे. मका दिसतो तो बराच पुढे, नायक जीव घेऊन पळतो तेव्हा. म्हणजे काय, तर लपायला आडोसा.

‘पोपोल वुह’ या किचे मायांच्या ग्रंथात देव आधी मातीची माणसं घडवून बघतात, ती विरघळतात. मग लाकडाची. त्यांना ना मन, ना देवाची आठवण. मग त्यांचीच भांडी, जाती आणि कुत्री त्यांच्यावर उलटतात. इतके दिवस तुम्ही आम्हाला छळलंत, आता आमची पाळी! शेवटी मक्याच्या पिठाची माणसं होतात आणि तीच टिकतात. इतका सिनेमाजोगा प्रसंग, पण मोठ्या पैशाच्या सिनेमांना दिसतो तो पिरॅमिडचा जिना आणि त्यावरून घरंगळणारी मुंडकी.

नरबळी माया लोकांत होते, ते नाकारून चालणार नाही. पण गिब्सनने दाखवलेली घाऊक कत्तल अ‍ॅझ्टेकांच्या राजधानीतल्या वर्णनांशी जास्त जुळते. शिवाय नवव्या शतकाच्या आसपास ओस पडत गेलेल्या नगरांचा थाट घ्यायचा आणि शेवटी किनाऱ्यावर सोळाव्या शतकातले स्पॅनिश उतरवायचे! मधली सहाएकशे वर्षं गेली कुठे? ग्रहण लागल्यावर नगरातली गर्दी भेदरते तेही खटकलं. ग्रहणांची कोष्टकं ड्रेस्डेन पोथी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या ग्रंथात आजही आहेत. (माया पंचांग २०१२ला संपतं म्हणून जगबुडी दाखवणाऱ्या सिनेमाबद्दल लिहीत नाही. पालेंके या माया नगरातल्या एका शिलालेखात इ.स. ४७७२ सालातली तारीख कोरलेली आहे, एवढं पुरे.)

‘इश्कानुल’मध्ये जिना नाही, राजा नाही. ग्वाटेमालातल्या पकाया ज्वालामुखीच्या पायथ्याचा कॉफीचा मळा, मजूर आईबाप आणि मारिया. डुकरांचा संग व्हावा म्हणून त्यांना रम पाजतात. आई हुआना लेकीला वाफेच्या न्हाणीत न्हाऊ घालते, ज्वालामुखीपुढे हात जोडते. श्रद्धा इथे घरकामासारखी हाताळली जाते. आणि ती निरुपद्रवीही नाही, हे मला फार आवडलं. शेतात साप माजलेत, गरोदर बाईच्या पावलाने ते पळतात असा समज. गरोदर मारिया शेतात उतरते आणि तिला साप चावतो.

पण खरा घात होतो तो शहरातल्या इस्पितळात. तिथे सगळं स्पॅनिशमध्ये. आईबापांना ते कळत नाही, आणि मधे बोलणारा कोण, तर मारियाचं ज्याच्याशी लग्न ठरलंय तो मुकादम. तो सांगेल ते खरं. कागदावर अंगठा उठतो, बाळ गेलं म्हणून बंद पेटी हातात येते, आणि मारिया ती उघडते तेव्हा आत वीट. हुआनाची भाबडी समजूत आणि इस्पितळातला तो कागद यांत जास्त निर्दय कोण, हे दिग्दर्शक बोलून दाखवत नाही. मला विचाराल तर कागद.

मारिया झालेली मारिया मर्सेडीस कोरॉय पुढे २०२२च्या ‘ब्लॅक पँथर: वकांडा फॉरेव्हर’मध्ये समुद्राखालच्या राजाच्या, नेमॉरच्या, आईच्या भूमिकेत आली. तिथेही माया, पण समुद्राखालच्या राज्यात पोचायच्या वाटेवरचे. तिचाच ‘ला योरोना’ (२०१९) अजून बघायचा आहे. त्यात ग्वाटेमालातल्या इशिल मायांच्या नरसंहाराचा खटला आहे. तो झोपेच्या वेळी नको.