वरीलपैकी सर्व, पण वर काहीच नाही

आज अख्खी दुपार मूडलवर (आमच्या ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर) २० प्रश्नांची एक क्विझ लावण्यात गेली. प्रश्न तयारच होते, म्हटलं अर्ध्या तासात उरकेल. (हे वाक्य मी दर सत्रात म्हणते.)

प्रश्न गिफ्ट फॉरमॅटमध्ये, म्हणजे मूडलला एकदम उचलता येतील अशा साध्या मजकुरात, टाईप केले. महिरपी कंसात बरोबर उत्तराआधी बरोबरचं चिन्ह, चुकीच्या आधी टिल्ड (~). दोन प्रश्नांमध्ये रिकामी ओळ लागते, ती एके ठिकाणी राहिली आणि इम्पोर्ट अडकलं. शोधून शोधून डोळे दुखले.

मग कॉपी नको म्हणून पर्याय शफल केले. नशीब, प्रिव्ह्यू पाहिला! सातव्या प्रश्नाचा पहिलाच पर्याय: 'वरीलपैकी सर्व'. वर नुसता प्रश्न! एकटीच हसत बसले. त्या प्रश्नापुरतं शफल बंद केलं. पुढच्या गणितात ०.६७ बरोबर, पण ०.६६७ चूक, कारण चालणारा फरक शून्य ठेवलेला. तिथे ०.०१ भरलं.

खरी धोक्याची जागा मात्र रिव्ह्यूच्या चौकटी, म्हणजे मुलांना काय कधी दिसेल ते ठरवणाऱ्या. 'प्रयत्नानंतर लगेच'खाली बरोबर उत्तराची टिक तशीच राहिली असती, तर पहिल्याने सबमिट केल्यावर पाच मिनिटांत उत्तरं सगळ्या वर्गाच्या ग्रुपवर! ती काढली, आणि क्विझ चालू असतानाच्या 'नंतर'खालचीही. आता क्विझ बंद झाल्यावरच दिसतील.

एकाने जरी प्रयत्न सुरू केला, तरी मग प्रश्न वाढवता-काढता येत नाहीत. म्हणून उद्या सकाळी पुन्हा एकदा स्वतः सोडवून बघणार. आजचा स्कोअर २० पैकी १८. प्रश्न मीच काढलेत, हे मुलांना सांगू नका.