जळगावात कॉफी मशीनचं रबर

गोलाणी मार्केटात मोबाइलचं काहीही मिळेल, पण एस्प्रेसो मशीनचं ग्रुप गॅस्केट (कॉफी भरलेलं हँडल जिथं अडकतं, त्या ग्रुपमधलं गोल रबर) मागितलं की, "भाऊ, पंपाची ओ-रिंग चालंल का?" नाही चालत!

हँडल घट्ट पिळूनही कडेनं पाणी गळतंय? बहुतेक वेळा हे रबरच गेलेलं असतं. उष्णतेनं ते असं कडक होतं की टोच्यानं तुकडे उकरावे लागतात. मागवताना मॉडेलसोबत माप कळवा. फाएमा या इटालियन कंपनीच्या १९६१च्या ई६१ मशीनच्या धर्तीच्या ग्रुपला बाहेरून ७३, आतून ५७ मिलिमीटर. जाडी ८, किंवा हँडल अडकवायच्या खाचा झिजल्या असतील तर ८.५. माझं मत सिलिकॉनला.

ग्राइंडरच्या बर्ससाठी (बिया दळणाऱ्या दातेरी चकत्या) व्यास, स्क्रूची भोकं नि फिरण्याची दिशा बघा. उलट्या दिशेचे बर्स नुसते शोभेला. मी सगळं मुंबईहूनच मागवतो.