मस्टरवर न आलेली सावड

पीएम-जनमनची घरकुलं तपासणं हे माझं काम. 2023च्या नोव्हेंबरात सुरू झालेली ही योजना कातकऱ्यांसारख्या अतिमागास जमातींसाठी आहे. घराला दोन लाख, शिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी. लाभार्थ्याला जोत्यापुढे उभं करून फोटो चढवला की पुढच्या हप्त्याचा मार्ग मोकळा होतो.

मे महिन्यात रायगड जिल्ह्यातल्या सुधागडात एका कातकरी वाडीवर गेलो. घर एकट्या आजीचं. जांभ्याचं जोतं उभं होतं, भराव बाकी. चढावर ट्रॅक्टर येत नाही, म्हणून मुरूम खाली रस्त्यालाच ओतलेला. वीटभट्टीवरून नुकतीच परतलेली वीस-बावीस माणसं ओळ धरून घमेली हातोहात वर चढवत होती. ही सावड: आज तुझ्या कामाला आम्ही, उद्या आमच्या कामाला तू, पैसे नाहीत.

ठेकेदार सगळा मुरूम एकदम ओततो आणि वरून पाणी मारतो. पावसाळ्यात भराव बसतो, कोबा तडकतो. इथे सहा इंचांचा थर, पाणी, मग धुम्मसाने चोपणं. एका बाईने टाच रोवून पाहिली. कोपऱ्यात खूण उमटली तसा तिने तो कोपरा पुन्हा चोपायला लावला. मी नळीने लेव्हल पाहिली, चारही कोपरे बरोबर. इतकं चोख जोतं ठेकेदाराच्या कामात मी पाहिलेलं नाही. आणि आमच्यातलेच काही जण म्हणतात, कातकरी आळशी!

आजी एकटी 90 दिवस कुठून भरणार? म्हणून म्हटलं, यांच्यातल्या रोजगार हमीच्या जॉबकार्डवाल्यांची नावं मस्टरला, म्हणजे हजेरीपटाला लावू, मजुरी खात्यात येईल. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने मान हलवली.

"नको साहेब. पैसं घेतलं का तिची सावड फिटली. मंग माझ्या घराला कोन येल?"

"आजी कुठे येणार आहे तुमच्याकडे घमेली उचलायला?"

"ती रांधील. तिचा भाचा येल."

दुपारी आजीने सगळ्यांना भात आणि सुकटीचं कालवण वाढलं. मलाही बसवलं.

मला त्यांचा हिशोब पटतो, तरी चैन पडत नाही. दिवाळीनंतर हीच माणसं भट्टीवाल्याकडून उचल घेतात आणि ती फेडायला सहा-सात महिने विटा थापतात. कायद्याने मिळणारी मजुरी त्यांनी सोडावी आणि मी ती सोडू द्यावी, हे बरोबर कसं? पण नावं लावली असती, तर पुढच्या जोत्याला ही ओळ लागली असती का? मस्टरमध्ये हजेरी आहे, मजुरी आहे, कोण कोणाचं देणं लागतो याचा रकाना नाही. फोटोतही आजी एकटीच दिसते.

त्या वडीलधाऱ्याचं घर पुढच्या यादीत आहे. माणसं भट्टीवर जायच्या आत त्याचा हप्ता सुटावा, म्हणून मी सध्या रोज कार्यालयात विचारतो आहे.