सर्पगंधेची मुळी आणि रक्तदाबाचे घरगुती उपाय

रक्तदाबाचा विषय निघाला की आपल्याकडे प्रत्येकाजवळ एखादा घरगुती उपाय तयार असतो. पण असा एक देशी उपाय खरोखर कसोटीला लावण्याचे काम याच मुंबईत झाले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर पद्धतशीर अभ्यास केला आणि तो १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच या मुळीविषयी लिहिले होते, परंतु जगभरातील डॉक्टरांचे लक्ष तिच्याकडे गेले ते डॉ. वकिलांच्या लेखानंतर. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रेसरपीन हे दाब उतरवणारे द्रव्य वेगळे काढले. मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला, रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा साठा ते कमी करते, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो.

मुळी पूर्वापार चालत आली आहे एवढ्यावर डॉ. वकील थांबले नाहीत, रुग्णांचा दाब मोजून त्यांनी तिचा गुण पडताळला, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रेसरपीनने नाक चोंदते, नाडी मंदावते आणि काहींना गंभीर नैराश्य येते, हेही पुढे स्पष्ट झाले, आणि अधिक सुरक्षित औषधे आल्यावर ते मागे पडले. तेव्हा काष्ठौषधींच्या दुकानातून सर्पगंधेचे चूर्ण आणून आपल्या मनाने सुरू करणे धोक्याचे आहे. ज्येष्ठमधाचे तर उलटेच आहे: खोकल्यासाठी आपण सहज चघळतो ते ज्येष्ठमध रोज आणि भरपूर घेतले, तर शरीरात सोडियम साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो.

कोणताही उपाय जोखायचा तर आधी मोजमाप बरोबर हवे. माझी आई बाजारातून पिशवी घेऊन जिने चढून यायची, खुर्चीच्या कडेला टेकायची आणि शेजारणीशी बोलता बोलता ब्लाऊजच्या बाहीवरूनच पट्टा बांधून घ्यायची. साहजिकच यंत्रावर मोठा आकडा उमटायचा आणि घरभर काळजी पसरायची. आता ती पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसते, उघडा दंड हृदयाच्या उंचीवर येईल असा हात टेबलावर ठेवते, मोजताना बोलत नाही, आणि दोन वेळा मोजून आकडे वहीत लिहिते. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून अधिक दाब भरत राहिला, तर तो उच्च रक्तदाब समजतात. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून दाब नाही, असे धरून चालणे चूक आहे. बहुतेकांना काहीच जाणवत नाही आणि तेवढ्या काळात हृदय, मूत्रपिंडे व मेंदूच्या रक्तवाहिन्या यांची हानी होत राहते.

औषधाविना दाब उतरवणाऱ्या गोष्टींत मला मीठ सर्वांत आधी घ्यावेसे वाटते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा मीठ सुचवते, आणि आपल्या ताटात लोणचे, पापड, चटणी व सुकी मासळी आली की ते केव्हाच ओलांडले जाते. सैंधव घेतले तरी तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. रोजचे भरभर चालणे, वजन उतरवणे, दारू कमी करणे यांचाही चांगला उपयोग होतो. लसूण आणि संथ श्वसनाचा प्राणायाम यांनी दाब थोडाफार उतरतो, पण चालू गोळीची जागा ते घेऊ शकत नाहीत.

एकदा गोळी लागली की जन्मभर सुटत नाही, या भीतीने ती टाळणारे किंवा आकडा उतरताच परस्पर बंद करणारे कितीतरी लोक मी आजूबाजूला पाहते, तेव्हा मनापासून वाईट वाटते. बहुधा गोळी चालू असते म्हणूनच आकडा उतरलेला असतो. वजन आणि मीठ खरोखर कमी झाल्यावर काहींची मात्रा घटवता येते, परंतु तो निर्णय वहीतील नोंदी पाहून डॉक्टरांनी घ्यायचा असतो.