पाट्या वाचणारी माणसं

रविवार, रात्री

आज पुण्याच्या केळकर संग्रहालयात वस्तूंपेक्षा माणसंच जास्त पाहत राहिले. ‘वस्तूंखालच्या पाट्या कोण वाचतं?’ असं सर्रास म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही.

वज्रींच्या कपाटापाशी एक कुटुंब आलं. पाटी वाचली ती एका शाळकरी मुलीनं, तीही मोठ्यानं. बाकीच्यांनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही, पण पुढच्या क्षणी ‘वज्री, वज्री’ सगळ्यांच्या तोंडी. ‘‘म्हणजे काय गं आजी?’’ आजी खुलल्या. ‘‘न्हाताना टाचा घासायची. खालून खरबरीत असते. काहींच्या पोटात खडे असतात, घासताना खुळखुळ वाजतात.’’ मुलगी लगेच वाकून मोराच्या वज्रीचा तळ दिसतो का ते बघू लागली.

लांबून मोजणाऱ्यानं ‘एकीनं वाचलं, चौघांनी नाही’ अशी नोंद केली असती. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये संशोधक पॉलेट मॅकमॅनस यांनी लोकांचं बोलणं टिपून नेमकं हेच दाखवलं होतं. त्यांचा लेख 1989चा. न वाचल्यासारखे दिसणारे लोकही पाटीवरचेच शब्द गप्पांत वापरत होते. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग सगळ्यांनी बोलायचं. आपल्याकडे तर पोथी अशीच ऐकली जाते.

म्हणूनच पाटीवर नुसतं नाव, धातू, प्रांत आणि शतक देऊन भागत नाही. ‘पितळ, एकोणिसावं शतक’ यावर आजी काय बोलणार? दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं जमवलेल्या वीस हजारांहून अधिक वस्तूंत अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकाची भांडी असं कितीतरी घरातलं आहे. हातांनी वापरून झिजलेल्या वस्तू या. त्यांच्या पाटीची पहिली ओळ हातांचीच हवी: कोण वापरायचं, कशासाठी, कसं. शतक खाली बारीक अक्षरात चालेल. (तेही फार बारीक नको. चष्मा कपाळावर सरकवून काचेला नाक लावणारे काका जागोजागी दिसतात.)

त्या मुलीला वज्रीचा तळ काही दिसला नाही. संग्रहालयं मांडणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे: दोन वज्री उलट्या ठेवा, नाहीतर खाली आरसा लावा, आणि पाटीवर लिहा, ‘तळ पाहा.’