कढीपत्त्याचे वाटेकरी

आमच्या बाल्कनीतल्या कढीपत्त्याची रीतसर वाटणी झालेली आहे. कठड्याकडच्या फांद्या सासूबाईंच्या फोडणीसाठी, भिंतीकडच्या माझ्या अळ्यांसाठी. वाटणी काही सुखासुखी झाली नाही. गेल्या जुलैत एका संध्याकाळी तेल तापलेलं, मोहरी तडतडलेली, आणि "अगं, या पानावर चिमणीनं घाण केलीय, जरा धुऊन दे" म्हणत आईंनी डहाळी माझ्या हातात दिली. मी ती नळाखाली धरणार, तेवढ्यात घाण चालायला लागली.

त्या दिवशी आमटी बिनकढीपत्त्याची झाली.

हे फोटोचं वेड मला त्याच्या आधीपासूनचं. पण तेव्हा मला वाटायचं की फोटो काढायचा तर कुठेतरी जायला हवं. आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो, येऊरचं जंगल म्हणजे हाकेच्या अंतरावर. रविवारी पहाटे उठून जायचे, आणि तिथे आधीच तोफेएवढ्या लेन्स घेऊन उभ्या असलेल्या मंडळींच्या मागे उभी राहायचे. पक्षी दिसायचा तो त्यांना. २०२२ मध्ये ठाणे खाडी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, पेपरात फ्लेमिंगोंचे फोटो झळकले, तेव्हा पुढच्या थंडीत ऐरोलीहून बोटीत बसून तेही करून आले. माझ्या ७०-३०० च्या झूम लेन्समधून आलेले फ्लेमिंगो नवऱ्याला दाखवले. तो म्हणाला, "छान आहेत गं. कुठे आहेत?"

तर ती चालणारी घाण. नवऱ्याचा निकॉन डी ३२०० कपाटात होता आणि त्याच्या काकांनी दिलेली जुनी ५० मिलिमीटरची लेन्स. या कॅमेऱ्यावर ती आपोआप फोकस करत नाही, म्हणून पडून होती. पण तिच्या अंगावर अ‍ॅपर्चरची, म्हणजे आत येणारा उजेड कमी-जास्त करायची कडी आहे. बारीकशी अळी मोठी दिसावी म्हणून लेन्स उलटी करून बसवायची, तर अशीच हवी. उलटी म्हणजे अक्षरशः उलटी: पुढची बाजू कॅमेऱ्याकडे, मागची बाजू अळीकडे. मधे एक ५२ मिलिमीटरची रिव्हर्स रिंग. बस्स. कॅमेऱ्याला लेन्स लागली आहे हेही कळत नाही, सगळं मॅन्युअलवर. अळी आणि काच यांच्यात जेमतेम चार बोटांचं अंतर राहतं, आणि फोकसमध्ये येतो तो एखाद मिलिमीटर. श्वास सोडला तरी अळीच्या डोक्यावरचा फोकस शेपटीवर जातो. डाव्या हातात फांदी, उजव्या हातात कॅमेरा, आणि फोकस करायचा तो कंबरेतून पुढे-मागे डुलून. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंना बरेच दिवस वाटत होतं, मी झाडाला काहीतरी पुटपुटते.

उजेडाचं म्हणाल तर कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश, आणि पुढे मिक्सरच्या खोक्यातला पांढरा फोम रबर बँडनं बांधलेला. नुसता फ्लॅश मारला तर अळी स्टीलच्या डब्यासारखी चमकते.

अळी चमकतेच म्हणा थोडी. लहान असताना काळी-तपकिरी, मधे पांढरा ओरखडा, ओलसर चकचकीत. पक्ष्यानं खाऊ नये म्हणून पक्ष्याच्याच विष्ठेचं सोंग! लाईम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन या दोन्ही फुलपाखरांच्या अळ्या लहानपणी अशाच. चौथ्यांदा कात टाकली की मात्र एकदम पोपटी-हिरवी, वर खोटे डोळे काढलेले, पानावर बसली तर शोधून सापडत नाही. टाकलेली कात तीच खाऊन टाकते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चहा गार झाला. आणि बोट लावलं तर डोक्यामागून लाल दुबेळकं शिंग बाहेर येतं. त्याचा वास लिंबाची सालं दोन दिवस डब्यात राहिल्यासारखा. आईंनी हट्टानं एकदा लावून पाहिलं, आणि मग हात साबणानं तीनदा धुतले.

दोघांनाही लिंबू, कढीपत्ता, बेल ही एकाच कुळातली झाडं लागतात. हे कळल्यावर माझं भटकणं थांबलं. गेटजवळच्या बेलावर, तळमजल्यावरच्या लिंबावर आणि आमच्या कुंडीत मिळून मला जेवढं सापडतं तेवढं येऊरला कधी सापडलं नाही. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेलं ब्लू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळावर वाढतं. त्या लिंबावर मी त्याची वाट बघतेय, अजून आलेलं नाही. बेलाची भानगड वेगळी. श्रावणी सोमवारी सकाळी सहालाच तो ओरबाडला जातो. महादेवाला किती अळ्या वाहिल्या जात असतील कोण जाणे.

आता एक फजिती. सप्टेंबरात खालच्या एक्झोरावर काळं फुलपाखरू बसलेलं, मागच्या पंखांवर पांढरे ठिपके आणि कडेला लाल चंद्रकोरी. मी दिमाखात फुलपाखरंवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं, "कॉमन रोज, वर्तकनगर". दोन मिनिटांत एका निवृत्त बाईंचा मेसेज: "अंग बघा."

अंग काळं होतं. कॉमन रोजचं अंग लाल असतं. ते ईश्वरीच्या वेलीवर वाढतं, त्या वेलीचं विष अंगात भिनवतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. आणि कॉमन मॉरमॉनची एक प्रकारची मादी हुबेहूब त्याचा वेश घेते, विष मात्र थेंबभर नाही. पंखांचं सगळं जमलंय, अंग रंगवायचं तेवढं राहिलं. लहानपणी विष्ठेचं सोंग, मोठेपणी विषारी शेजारणीचं. हे मी जेवताना सांगितलं तर आई म्हणाल्या, "बाईच्या जातीला काय काय करावं लागतं." नवऱ्यानं ताटातून मान वर केली नाही.

पहिला कोष फुकट गेला. अळी झाड सोडून बाल्कनीच्या ग्रिलवर, फरशी पुसायच्या मॉपच्या मागे जाऊन बसली होती. ताडावर चढणाऱ्याच्या कमरेला दोर असतो तसा रेशमाचा एक धागा कमरेला, आणि मागे रेललेली. आठवडा गेला, बारा दिवस गेले. मग कोष मातकट पडला आणि त्याला टाचणीएवढं भोक दिसलं. भोकातून मुंगीहून लहान गांधीलमाश्या एकामागून एक बाहेर येत होत्या. कुणीतरी कधीतरी येऊन आत अंडी घालून गेलं होतं, आणि मी रोज सकाळी त्या कोषाला गुड मॉर्निंग म्हणत होते. वाईट वाटलं, खोटं का बोलू? पण त्या माश्यांच्या पंखांवर निळा-हिरवा रंग असा काही फिरत होता की पावसाळ्यातला सगळ्यात चांगला फोटो तोच आला. तो मी आईंना दाखवला नाही.

दुसऱ्या कोषावर मॉप ठेवायला घरात सगळ्यांना बंदी. एका रात्री तो काळपट झाला, पापुद्र्यातून पंखांवरचे ठिपके दिसायला लागले. पाचला गजर लावला. पाणी येऊन गेलं, डबे भरले, कॅमेरा गळ्यात घालूनच पोळ्या लाटल्या. कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून गॅस बंद करायला गेले आणि परत आले तर ती बाहेर. चुरगळलेल्या ओल्या रुमालासारखी रिकाम्या कोषाला लटकलेली. पंख हळूहळू ताठ होत गेले, खाली लालसर पाण्याचा थेंब पडला. मी सत्तावीस फोटो काढले, नऊ फोकसमध्ये.

मागून आई आल्या. चष्मा पदराला पुसला, वाकून बघितलं.

"काळं आहे अंग. म्हणजे तुझं सोंगाडंच." आणि हात भिंतीकडच्या फांदीला. "तुझी बाजू रिकामी झाली ना आता? पोह्यांना घेते."

डहाळी मोडायच्या आत माझं लक्ष गेलं. कोवळ्या पानाच्या टोकाला मोहरीएवढा फिकट पिवळा दाणा.

"अहो आई, थांबा."